फोटोतलं कुंकू

परंड्याच्या बस स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. आता त्याला स्टुडिओ म्हणायचं जरा जिवावर येतं, कारण दिवसभरात चार-दोन फॉर्मचे फोटो, एखादं लॅमिनेशन आणि बाकी झेरॉक्स, एवढाच धंदा उरलाय. पण पाटीवर स्टुडिओच लिहिलंय आणि पाटी बदलायला पैसे पडतात. आत भिंतीला एक काळा कोट टांगलेला आहे. या तालुक्यातल्या किती माणसांनी तो अंगात घातला असेल ते सांगता यायचं नाही. कुणी धोतरावर घातला, कुणी लुंगीवर. फोटो छातीपर्यंतच असायचा, त्यामुळं खाली काय आहे ते कुणाला दिसायचं नाही.

आमचा धंदाच मुळी दुरुस्तीचा. नवरा गेला आणि दोघांचा एकत्र फोटो नाही असं सांगत बाई यायची. मग मतदानाच्या कार्डावरचा त्याचा चेहरा मोठा करून तिच्या शेजारी बसवायचा. मयताचा डोळे मिटलेला फोटो यायचा, त्याचे डोळे उघडून द्यायचे. आधी ब्रशनं करायचो, मग कॉम्प्युटरवर. कुणाचे डोळे उचलून कुणाला लावलेत ते माझं मलाच ठाऊक. घरची माणसं फोटो हातात घेऊन म्हणायची, "आस्संच बगायचे बगा!" आणि रडायची. मला त्याचा फार अभिमान होता. आपण खोटं करतोय असं कधी मनात आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे केलं ते मला इतकं सोपं का गेलं, ते त्यावरून कळेल.

पुढं सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्याकडं कुणाला काम राहिलं नाही. लेक पुण्याला शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढे चांगले फोटो काढता, ते ऑनलाइन टाका ना. लोक बघतात, त्यात जाहिराती लागतात, त्याचे पैसे आपल्याला मिळतात."

"फुकट बघणाऱ्याचे पैसे कोण देतं गं?"

"जाहिरातवाले देतात. जितके जास्त लोक बघतील तितके जास्त."

मला काही पटलं नाही, पण लेकीनं माझ्या नावानं पेज काढून दिलं, बँकेचा खातेनंबर घातला आणि सुट्टी संपल्यावर निघून गेली. मी आपला इमानानं रोज एक फोटो टाकू लागलो. किल्ल्याचा बुरूज टाकला, तोफ टाकली, खंदकाच्या पाण्यातले बगळे टाकले. कोण बघतंय! किल्ला बघायला लोक किल्ल्यावर येत नाहीत, ते मोबाईलवर काय बघणार. पाच-पन्नास ओळखीची माणसं अंगठा दाखवायची आणि पुढं सरकायची.

मग येळवस आली. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळं गाव आपापल्या शेतात जातं, कडब्याची खोप करून तिथं पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील असं जेवण होतं. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली ती आंबील मातीच्या बिंदगीत भरून डोक्यावरून शेतात न्यायची. आमच्या घरची बिंदगी आक्का नेते. त्या वर्षी ती ज्वारीच्या ताटांमधून वाकून एका पाहुण्याच्या पेल्यात आंबील ओतत होती, ऊन मागून आलं होतं आणि माझ्या हातात कॅमेरा होता. मी फोटो काढला आणि तिथंच बांधावर बसून टाकला.

संध्याकाळी घरी येईपर्यंत माझा फोन गरम झाला होता. पुण्यातली, मुंबईतली, कुठल्या कुठल्या देशांतली आमच्या भागातली माणसं त्या फोटोखाली लिहीत होती. कुणी लिहिलं, 'माझी आई अशीच ओतायची.' कुणी लिहिलं, 'आई, एक पेला मला पण.' आख्ख्या दोन महिन्यांत माझ्या किल्ल्याला जेवढी माणसं आली नव्हती, तेवढी आक्काच्या आंबिलीला एका दिवसात आली.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. वाशीजवळच्या एका गावात दिली होती. दोन वर्षांत तिचा नवरा काविळीनं गेला. मूल नव्हतं. वडील जाऊन तिला घेऊन आले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून ती या घरात आहे. माझं लग्न तिनं पुढं होऊन केलं, माझी लेक तिनं वाढवली, आई-वडिलांचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं. तिच्या दोन भुवयांच्या मधे हिरव्या गोंदणाचा एक ठिपका आहे. त्यावर पूर्वी कुंकू असायचं. नवरा गेल्यापासून नुसता ठिपका.

दर संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू होतं. बायको बाहेरच्या खोलीत सतरंजी घालते, गल्लीतल्या बायका येतात. आक्का आत स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसते. ताटं भरून बाहेर देते, स्वतः उंबऱ्याच्या आत राहते. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे असं धरून चाललो होतो की तिलाच ते नको असेल.

येळवशीनंतर मी आक्काचेच फोटो काढायला लागलो. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, सुपानं ज्वारी पाखडताना. तिला पहिल्या पहिल्यांदा फार चमत्कारिक वाटायचं.

"माझं काय काढायलास? त्या म्हशीचं काढ की. लई झ्याक दिसती."

"म्हशीचं काढून बघितलं. कुणी बघंना."

"म्हंजी म्या म्हशीपरीस बरी हाय म्हण की!" असं म्हणून ती तोंडाला पदर लावून हसायची. तो हसतानाचा फोटो तर लोकांनी डोक्यावर घेतला.

तिला वाचता येत नाही. रोज दिवेलागणीला मी घरी आलो की ती चहा ठेवायची आणि समोर बसायची. "वाच," म्हणायची. मग मी लोकांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवायचो. कोण नाशिकचा, कोण नागपूरचा, कोण दुबईत गाडी चालवणारा. तिला सगळ्यात काय आवडायचं ते मला चार दिवसांत कळलं. वाचून झालं की ती हमखास विचारायची, "आई कुणी म्हणलं?"

"म्हणलं की. आज लई जणांनी म्हणलं."

"नावं वाच त्यांची."

मी नावं वाचायचो. ती मान हलवत ऐकायची, जणू ती सगळी उद्या जेवायला यायची आहेत. पुढं पुढं ती फोटोच्या आधी तोंड धुऊन, केस चापून यायला लागली. कधी मला यायला उशीर झाला तर बायकोला विचारायची, "आज फोटू न्हाय व्हय गं?" तिच्या आयुष्यात तिची वाट बघणारं कुणीतरी आहे असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं असावं. मला ते कळत होतं. कळूनसुद्धा मी जे केलं ते केलं.

संक्रांतीला मी मुद्दाम शुभेच्छांचा फोटो केला. आक्काच्या हातात सुगडं, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे कांडे. छान आला होता. टाकला आणि अर्ध्या तासात खाली कुणीतरी लिहिलं, 'सणासुदीला पांढरं कपाळ कशाला टाकता?' त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, 'वाणाचं ताट सवाष्णीच्या हातात पाहिजे, एवढं पण कळत नाही का.' मग त्यांची आपसात जुंपली.

आता माझ्यासारख्या तिरसट माणसाला खरं म्हणजे राग यायला पाहिजे होता. एरवी झेरॉक्सच्या एका रुपयावरून मी गिऱ्हाइकाशी भांडतो. माझ्या सख्ख्या बहिणीच्या कपाळाबद्दल कुणीतरी परका असं बोलतोय म्हटल्यावर मी उसळायला पाहिजे होतं. मी नाही उसळलो. मी दुकानात होतो, कॉम्प्युटर चालू होता, आणि माझ्या मनात फक्त एवढंच आलं की ही तर दोन मिनिटांची दुरुस्ती आहे. मी पेजवरून तो फोटो काढून घेतला, मोठा केला आणि गोंदणाच्या हिरव्या ठिपक्यावर नेमकं कुंकू लावलं. रंग हळूच गडद केला, कडा मऊ केल्या, कपाळाच्या सुरकुतीत थोडं उतरल्यासारखं केलं. हात बसलेला माणूस मी. खऱ्या कुंकवापेक्षा खरं दिसलं. पुन्हा टाकला.

तो फोटो जो चालला तो आजवरचा माझा सगळ्यात चाललेला फोटो. बायाबापड्यांनी तो संक्रांतीचा म्हणून एकमेकींना पाठवला. 'काय ते तेज,' 'लक्ष्मीच,' 'घरोघरी अशी माउली असावी.' त्याच महिन्यात पहिल्यांदा जाहिरातीचे पैसे बँकेत आले. पैसे परदेशातून आलेले बघून बँकेतल्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण आहे परदेशात?" मी ऐटीत म्हणालो, "कुणी नाही. फोटो जातात."

मग मी प्रत्येक फोटोला कुंकू लावायला लागलो. आदल्या दिवशी कुंकू आणि दुसऱ्या दिवशी मोकळं कपाळ असं दिसलं तर लोक विचारणार, म्हणून मागच्या फोटोंनाही लावलं. येळवशीच्या फोटोला लावलं. हसतानाच्या फोटोला लावलं. सकाळी घरी फोटो काढायचा, दुकानात जाऊन कुंकू लावायचं आणि मग टाकायचा, असा नेमच झाला.

बायकोच्या ते आधी लक्षात आलं. म्हणाली, "ओ, हे वन्संना सांगितलाव का?"

"त्यात काय सांगायचं? धंद्यात हे चालतंच."

"तरी पण सांगा. त्यांच्या कपाळाचं हाय."

मी तिला गप्प बसवलं. "लेकीची हॉस्टेलची फी कशी जातीय ते बघ," असं काहीतरी बोललो. ते खोटं नव्हतं. फी त्यातूनच जात होती. दुकानाचा पत्राही त्यातूनच बदलला. आक्काला मी गुडघ्याचं दुखणं दाखवायला बार्शीला नेलं, तेही त्यातूनच. असा प्रत्येक पैसा मी मनातल्या मनात धुऊन घेत होतो.

आक्काला मी आता फोटो दाखवत नव्हतो. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, तिनंही कधी हट्ट धरला नाही. तिला वाचून दाखवणं पुरायचं. मी रोज वाचायचो. फक्त कुणी कुंकवाबद्दल लिहिलेलं असेल तर ते गाळायचो. अशी वाक्यं पुष्कळ असायची. वाचता वाचता मी अडखळायचो तर आक्का म्हणायची, "दमलास व्हय दिसभर? ऱ्हाऊ दे, फकस्त आई म्हणल्याली वाच." आणि मी ती वाचायचो.

सव्वा वर्ष हे असं चाललं.

मग आक्काच्या सासरहून लग्नाचं आवतण आलं. तिच्या थोरल्या दिराच्या नातवाचं लग्न. इतक्या वर्षांत त्यांनी तिला क्वचितच बोलावलं असेल. या खेपेला दीर स्वतः पत्रिका घेऊन आले आणि म्हणाले, "आता आमचं बी किती दिस राह्यलं. या तुमी." आक्का दोन दिवस त्याच आनंदात होती. नवरदेवाला टॉवेल-टोपी घेतली, माझ्या बायकोकडून साडीला फॉल लावून घेतला. हळदीच्या दिवशी सकाळी मी तिला एसटीत बसवून दिलं. भूमला गाडी बदलायची, पुढं वाशी, तिथं कुणीतरी न्यायला येणार होतं. लग्न आटोपून चार दिवसांनी ती येणार होती.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी परत आली. बायकोचा दुकानात फोन आला. "वन्सं आल्यात. काय बोलंनात. जेवल्या बी न्हाईत."

मी घरी गेलो. आक्का मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. टॉवेल-टोपीची पिशवी तशीच शेजारी होती. मी विचारलं, "काय झालं? कुणी काय बोललं का?"

ती म्हणाली, "माझं फोटू दाव."

"कुठले?"

"मोबाईलातले. समदे."

मी फोन काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो चांगल्या डोळ्याजवळ धरला. बोटानं कसं सरकवायचं ते तिला कुणीतरी तिकडं दाखवलं असावं. ती एकेक फोटो बघत राहिली. भाकरीचा, शेंगांचा, ज्वारीचा. मी समोर उभा. बायको स्वयंपाकघराच्या दारात.

मग आक्कानं सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. हळदीच्या मांडवात ती मागं बायकांबरोबर लसूण सोलत बसली होती. तिच्या जावेनं चारचौघींत तिच्यापुढं फोन धरला आणि विचारलं, "हे कुणाच्या नावाचं कुंकू गं?" फोटो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेला. दुसरी म्हणाली, "हितं पांढरं कपाळ घिऊन येती आन् तिथं कुंकू लावून मिरवती." कुणी हसलं. कुणीतरी हळदीचं ताट तिच्याजवळून उचलून पलीकडं नेलं. दीर तिथंच होते. ते खाली बघत राहिले.

"मग तू सांगायचं न्हाय का," मी म्हणालो. "सांगायचं, म्या न्हाय लावलं, भावानं कॉम्प्युटरवर केलंय म्हणून."

"आसं कसं सांगू?" आक्का म्हणाली. "माझा भाऊ खोटं फोटू करतूय म्हणू? तुझं दुकान हाय. पोरगी शिकायलीय तुझी." मग ती म्हणाली, "म्या म्हणलं, व्हय, म्याच लावलं."

मी खाली बसलो.

तिनं फोन माझ्याकडं परत दिला नाही. पुन्हा तोच संक्रांतीचा फोटो वर आणला आणि बघत बसली. "बरी दिसतीया म्या," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मला तवा बाविसावं लागलं हुतं. इतकी वर्सं ह्या घरात ऱ्हायली. आईनं म्हणलं न्हाय, वडलांनी म्हणलं न्हाय, आक्का, लाव म्हणून. तू थोरला झालास, कमवायला लागलास, तू बी न्हाय म्हणलास. म्या म्हणायची, आसंल रीत. आन् तुला तर लावायला येतंय की रं. रोज लावायलास. समद्या दुनियेला दावायला लावलंस. माझ्या कपाळाला लाव म्हणायला काय झालं हुतं?"

मी माफी मागितली, पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ, लेकराचा बाप हाईस." आणि उठून हातपाय धुवायला गेली. त्या दिवशी तिनं संध्याकाळचा स्वयंपाकही केला. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

सगळे फोटो काढून टाकायचे हे तर उघडच होतं. पण इथं मला आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण ती सोडली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी ते लगेच काढले नाहीत. त्या महिन्याचे जाहिरातीचे पैसे यायचे होते. फोटो काढले तर ते अडकतील की काय याची मला खात्री नव्हती आणि लेकीची फी तोंडावर होती. म्हणून मी अकरा दिवस थांबलो. आक्का घरात गप्प गप्प वावरत होती आणि तिच्या कपाळावरचं ते कुंकू बघायला माझ्या पेजवर माणसं येत होती. मी रोज सकाळी उठून किती आली ते बघत होतो. पैसे आल्यावर मग मी एकेक करून सगळे काढले.

काढूनही ते गेले नाहीत. लोकांनी केव्हाच आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतले होते. एकदा बायकोच्या बचत गटाच्या ग्रुपवर कुणीतरी सुप्रभातचा मेसेज टाकला. गुलाबाची फुलं, खाली काहीतरी सुविचार आणि मधे कुंकू लावलेली आक्का. कुठून आला, कुणी केला, काही पत्ता नाही. बायकोनं मला दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

पेज हळूहळू बसलं. किल्ल्याचे फोटो टाकले, कुणी बघितले नाहीत. 'आई कुठं आहेत,' 'आईंची तब्येत बरी आहे ना,' असं लोक महिनाभर विचारत राहिले. आक्काला मी ते वाचून दाखवलं नाही. तिनंही पुन्हा 'वाच' म्हटलं नाही. दिवेलागणीला मी घरी यायचो, ती चहा द्यायची आणि आत जायची. माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. डाळ संपलीय, लाइट गेलीय, म्हैस पान्हवत नाही, सगळं बोलायची. पण समोर बसायची नाही. तो चहा पिणं मला नको व्हायचं.

असेच दोन-तीन महिने गेले. एका मंगळवारी दुकानात बसल्या बसल्या मला वाटलं की आपण एवढी वर्षं जे म्हटलं नाही ते आता तरी म्हणावं. उशीर झालाय तर झालाय. मी दुकान बंद केलं, बाजारातून कुंकवाची डबी घेतली. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "घरी काय कार्यक्रम?" मी म्हटलं, "आहे." फोन मी दुकानातच ठेवला होता, मुद्दाम. आज कुठलंही यंत्र मधे नको होतं.

घरी आलो तेव्हा आक्का परसात ज्वारी निवडत होती. बायको धुणं वाळत घालत होती. मी आक्कापुढं उकिडवा बसलो आणि डबी तिच्यासमोर ठेवली. सांगायचं ठरवून आलेलं काही आठवेना. मी एवढंच म्हणालो, "आक्का, लाव."

तिनं डबीकडं बघितलं. बायको हातातलं धुणं तसंच धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही डबी फेकणार. पण ती उठली. हात झटकले, आत गेली, तोंड धुऊन आली, केस चापून बसवले होते. बायकोनं पुढं होऊन डबी उघडली आणि करंगळीशेजारच्या बोटानं तिच्या हिरव्या ठिपक्यावर कुंकू टेकवलं. आक्कानं डोळे मिटून घेतले होते. तिच्या कपाळावर मी किती कुंकवं बघितली होती, सगळी माझ्याच हातची. हे थोडं वाकडं लागलं होतं, एका बाजूला जरा सांडलं होतं. मला रडू आवरेना.

आक्कानं डोळे उघडले. पदर डोक्यावरून नीट घेतला. मग ती चालत पुढच्या दाराशी गेली, उंबऱ्यापाशी उजेड येतो तिथं बसली आणि हनुवटी जराशी खाली घेऊन, हात मांडीत ठेवून थांबली.

मला आधी कळलंच नाही ती काय करतेय.

"काढ," ती म्हणाली. "ऊन हाय तवर."

"आक्का, फोटो न्हाय काढायचा."

"मोबाईल कुठाय तुझा?"

"दुकानात हाय. फोटोसाठी न्हाय आणलं कुंकू. तुझ्यासाठी आणलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आलेला नव्हता. माझं बोलणं खरं मानावं की नाही, एवढंच ती माझ्या तोंडावर शोधत होती. मी म्हणालो, "शपथ." ती हसली, लहानपणी मी काही कबूल करत नसलो की हसायची तसं, आणि म्हणाली, "बरं. पोरीची फी भरायची आसंल तर सांग. म्या बसती."

मग जरा वेळ बसून राहिली, मी काही सांगतो का याची वाट बघत. मी काही सांगितलं नाही. तेव्हा तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं आणि निवडायची राहिलेली ज्वारी निवडायला परसात गेली.